साहस हवंय, सव्वा तासाचं!

एक सोप्पा प्रश्न. एखादा गेम शेवटपर्यंत, म्हणजे अगदी नावांची पाटी सरकेपर्यंत, तुम्ही शेवटचा कधी खेळलात? विकत घेतलेले, डाऊनलोड करून ठेवलेले, 'सेलमध्ये स्वस्त मिळतोय तर असू दे' म्हणून घेतलेले चिक्कार असतील. माझेही आहेत. गेमची लायब्ररी आणि साड्यांचं कपाट यात आता फारसा फरक उरलेला नाही. कपाट ओसंडून वाहतंय आणि नेसायला काही नाही!

त्यातही माझं दुखणं जरा वेगळं आहे. मला हवाय अ‍ॅडव्हेंचर गेम. गोळ्या घालायच्या नाहीत, गाड्या पळवायच्या नाहीत, स्कोअरची मारामारी नाही. एक अनोळखी जागा, चार विचित्र माणसं, खिशात सुतळीचा तुकडा आणि कोणीतरी आपल्यापासून काहीतरी लपवतंय हा संशय. बस्स. गेले सहा महिने मी असा एक धड नवा गेम शोधतेय, आणि खेळण्यापेक्षा शोधण्यातच जास्त रात्री गेल्या आहेत.

रात्री म्हणजे तरी किती? ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली, गिरगावला स्टेशन आलं आणि बीकेसीचं ऑफिस ते फणसवाडी हा प्रवास एकदम माणसात आला. वाचलेल्या वेळातला अर्धा घराने खाल्ला. मग जेवण, आवराआवर, आईची सिरियल, उद्याच्या डब्याची भाजी निवडणं. पावणेअकरा ते बारा एवढा सव्वा तास माझा. दोन खोल्यांच्या घरात, कानाला हेडफोन लावून, दिवा बंद करून. माझ्या दिवसातला हा एकच तुकडा असा आहे जिथे मला कुणी डेडलाइन विचारत नाही. तो भिकार गेमवर घालवायचा म्हणजे जिवावर येतं हो!

आता तुम्ही म्हणाल, गेमला काय तोटा? तोटा नाहीच. स्टीम नावाच्या दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले. 'अ‍ॅडव्हेंचर' या शब्दावर क्लिक केलंत तर त्यातले हजारो समोर येतात, कारण हे लेबल आता कशालाही लावतात. शेती करा, अ‍ॅडव्हेंचर. झोंबी मारा, अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर. मिसळ-पाव सेंटरच्या बोर्डावर पिझ्झापण लिहिलेला असतो ना, तसं.

मोठ्या कंपन्यांच्या गेमची तर आणखी वेगळी तऱ्हा. 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' (२०२०) घ्या. दिसायला झक्कास, वाद नाही. नुसती मुख्य गोष्ट संपवायला साठेक तास. सव्वा तासाच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस रात्री झाल्या, म्हणजे गणपतीत सुरू केला तर फराळाच्या ताटावर संपणार, तोही एकही दांडी न मारता. बरं, त्या साठ तासांत करायचं काय? नकाशा उघडला की त्यावर चकचकीत ठिपके. इथे जा, ते उचला, याला मारा, ठिपका पुसा. पुढचा ठिपका. अहो, हे तर मी दिवसभर एक्सेलमध्ये करून आलेय! एका रात्री आई पलंगावरून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "अगं, ही बाई कधीची नुसती पळतेय. हिला घरचं कोणी नाही का?" मी गेम बंद केला. आईचं परीक्षण मी वाचलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा नेमकं होतं.

दुसरा छळ म्हणजे मदत. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' (२०२२) हा खरोखर मोठा गेम आहे, पण कोडं समोर आलं आणि तुम्ही चार सेकंद विचार करत उभे राहिलात की सोबतचं पात्र उत्तर सुचवून मोकळं. शब्दकोडं सोडवताना खांद्यावरून वाकून 'आडवे सात, पंचपात्र' म्हणणारे शेजारचे काका असतात ना, अगदी तेच. विचार करू द्या की राव!

मुळात ही जात जन्मली तीच विचार करण्यातून. अमेरिकेत विल क्राउथर नावाचा एक प्रोग्रॅमर होता, गुहांमध्ये उतरायचा त्याला नाद. घटस्फोट झाला, मुली दुरावल्या. त्या घरी येतील तेव्हा त्यांना खेळायला म्हणून त्याने १९७६च्या सुमारास केंटकीतल्या एका खऱ्या गुहेवरून कॉम्प्युटरवर खेळ रचला. चित्र एकही नाही. 'तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात' असं वाक्य यायचं आणि तुम्ही शब्द टाइप करून पुढे जायचं. १९७७मध्ये डॉन वूड्सने तो वाढवला. त्या खेळाचंच नाव 'अ‍ॅडव्हेंचर', त्यावरून अख्ख्या जातीला नाव पडलं. एका बापाने मुलींशी बोलायला काढलेली वाट होती ती. मला हे जाम आवडतं, कारण आमच्याकडेही हा खेळ कधीच एकट्याचा नव्हता.

माझ्या चुलतभावाकडे, दादाकडे, लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून जोडलेला पीसी होता. खुर्ची एक, आम्ही पोरं पाच. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' झाला, 'रोड रॅश' झाला आणि मग कुठून तरी 'ब्रोकन सोर्ड' (१९९६) हाती लागला. त्यात आयर्लंडमधल्या एका पडक्या किल्ल्यात बांधलेला बकरा आहे. पुढे जायला जावं तर ढुशी मारून पाडतो. गेमच्या दुनियेत हा बकरा इतका बदनाम आहे की त्याला आजही लोक शिव्या घालतात. आम्ही चार दिवस अडकलो होतो. घरी इंटरनेट नव्हतं, विचारणार कुणाला? तर सगळ्या मजल्याला. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी "त्याला पाला टाका" असं सुचवलं. काकांनी खाटकाचा पत्ता सांगितला. चौथ्या रात्री दादाला उपाय सुचला आणि तो ओरडला तेव्हा खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, "मॅच जिंकलो का?" उपाय सांगत नाही. तुमची मजा जाईल.

आता तोच गेम २०२४मध्ये नव्या चित्रांसह पुन्हा आला. 'रिव्हन'ही त्याच वर्षी नटूनथटून आला. 'ग्रिम फँडँगो' तर २०१५मध्येच आला होता. आमचं बालपण पॉलिश करून आम्हालाच विकण्याचा धंदा तेजीत आहे. घ्या खुशाल, मीही घेतलेत. पण ज्या बकऱ्याचं उत्तर ठाऊक आहे तो बकरा काय मारणार?

मग नवं काही नाहीच का? आहे. फक्त ते अ‍ॅडव्हेंचरच्या पाटीखाली सापडत नाही आणि त्याची जाहिरात बसस्टॉपवर नसते. सहा महिन्यांच्या उत्खननातून हाती लागलेला माल सांगते.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८). लुकस पोप या एकट्या माणसाने जवळपास सगळा बनवलेला. १८०७ साल, साठ माणसांना घेऊन निघालेलं जहाज रिकामं परत आलंय आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. कोण कसं मेलं ते वहीत भरायचं. हो, चक्क क्लेमचा फॉर्म भरायचा गेम! पण मेलेल्या माणसाचा शेवटचा क्षण तुमच्यासमोर गोठलेला असतो, त्यात तुम्ही फिरायचं. कोणाचा उच्चार कसा, कोण कोणाशेजारी उभा, कोण कुठल्या झोळीत झोपतो यावरून नाव ओळखायचं. खलाशांमध्ये आपले हिंदुस्थानी लोकही आहेत. गेम मधे बोलत नाही. तिघांचं नाव-गाव-मरण अचूक भरलंत की मगच 'बरोबर' म्हणतो. मी पहिले तिघे भरले त्या रात्री बाराचे दोन कधी वाजले कळलं नाही.

'आऊटर वाइल्ड्स' (२०१९) मध्ये छोटीशी सूर्यमाला आहे आणि बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो. पुन्हा पहिल्यापासून. हातात शस्त्र नाही, पॉवर वाढत नाही, वाढतं ते फक्त तुमचं ज्ञान. सव्वा तासात तीन फेऱ्या बसतात, त्यामुळे नोकरदारांसाठी आदर्श. आणि २०२५चा 'ब्लू प्रिन्स'. पंचेचाळीस खोल्यांचा वाडा, शोधायची सेहेचाळिसावी खोली. दार उघडताना पलीकडे कुठली खोली असावी हे तीन पर्यायांतून तुम्हीच निवडायचं, आणि दुसऱ्या दिवशी वाडा पुन्हा कोरा. दोन खोल्यांत राहणाऱ्या मुंबईकराला हे सुख कळेल! शेजारी वही-पेन्सिल घेऊनच बसा.

इथपर्यंत ठीक. पण एक खुट्टी मनात राहतेच. या सगळ्या जागा दुसऱ्यांच्या. आपली जागा गेममध्ये येते तेव्हा कशी येते? 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी'मध्ये (२०१७) आपला पश्चिम घाट आहे, होयसळांची शिल्पं आहेत, पाऊस-हिरवळ अशी की घाटात शिरल्याचा वास यावा. त्यात मी तासन् तास जीप फिरवली. आणि भेटतं कोण, तर बंदूकवाले. अख्ख्या घाटात एक म्हातारी भेटत नाही जी विचारेल, कुठलं गाव तुमचं? 'हिटमॅन २' (२०१८) चक्क मुंबईत येतो, तो सुपारी घेऊन.

म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' (२०२०) आला तेव्हा मी उडीच मारली. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतायत, मधे छायाबाहुल्यांचे प्रसंग. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनही मिळालं. खरं सांगायचं तर मारामारी लवकर एकसुरी होते आणि शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो. तरी भिंतींवरची चित्रं बघायला मी थांबत राहिले. पुढे पळावंसं वाटत नाही, थांबावंसं वाटतं, ही माझी परीक्षा. त्यात 'राजी' पास.

'८० डेज' (२०१४) हा दुसरा, फोनवरही चालतो. मेग जयंतने लिहिलेला. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला नोकर पासपार्तू म्हणजे तुम्ही. मूळ कादंबरीत हाच गडी मुंबईत उतरतो आणि बूट न काढता मलबार हिलवरच्या देवळात शिरतो, मग हाणामारी! मलबार हिल म्हणजे आमच्याकडून चालत जाण्यासारखं. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत पाऊल न ठेवता एका फ्रेंच माणसाला इथे साहस दिसलं होतं. आणि इथे फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, ताडवाडी अशी झाडांची नावं आहेत, फणस औषधालाही नाही. बालाजीचं दाक्षिणात्य पद्धतीचं देऊळ मराठी चाळींच्या गराड्यात. एका वाडीत शिरून भलत्याच गल्लीत बाहेर पडता येतं. प्रत्येक जिन्यावर चार माणसं अशी की ज्यांना सगळं ठाऊक आहे आणि सांगायचं नाही. यापेक्षा तयार नकाशा अ‍ॅडव्हेंचर गेमला कुठला हवा? कोणी बनवायला घेतलाय का? असेल तर मला कळवा, बकऱ्याचं काम मी फुकट करते.

घाई मात्र करायला हवी. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय. खोल्या मोजून झाल्या, सह्या चालू आहेत, रोज रात्री जिन्यात मीटिंग. आणि नेमका याच आठवड्यात मी सुरू केलाय गोव्याच्या फ्रॉस्टवूड इंटरॅक्टिव्हचा 'फरगॉटन फील्ड्स' (२०२१). सिड नावाचा लेखक, लिखाण अडलेलं. लहानपणीचं घर विकलं जाणार म्हणून शेवटचं एकदा तिथे जातो. मारामारी नाही, राक्षस नाही. समुद्रकाठचं, गोव्याच्या वळणाचं गाव, जुने मित्र, रिकाम्या होत चाललेल्या खोल्या. छोटासा गेम आहे, दोन-चार रात्रींत सहज उरकेल. मी अजून अर्ध्यातच आहे.

त्याला कारण दादा. तो आता बदलापूरला असतो. त्याला फोनवर सांगितलं, घर विकायचा गेम आहे म्हणून. क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "शनिवारी येतोय. माझ्याशिवाय पुढे नको जाऊस."