हाका आमचा, लायसन सायबाचं

माझ्या आज्याच्या डाव्या पोटरीत एक खड्डा होता. रानडुकराच्या सुळ्याचा. लहानपणी मी त्यात बोट घालून बघायचो. आजा म्हणायचा, "हाक्यात गेलतो. डुक्कर सायबाकडे जाचा, त माह्याकडे आला." एवढंच. साहेब कोण, कुठला, त्याला ठाऊक नव्हतं. हाक्याला जाणाऱ्याला साहेबाचं नाव सांगायची रीतच नव्हती. कोतवाल यायचा. कोतवाल आमच्यातलाच. त्याला पाटलाचा हुकूम, पाटलाला वरचा. पहाटे महारवाडा आणि गोंडटोली डबे, ढोल, काठ्या घेऊन जंगलाच्या तोंडाशी उभी. साहेब मचाणावर. खाली आम्ही ओरडायचं.

साहेबाच्या खिशात लायसन असायचं. त्यावर सरकारी शिक्का. फी भरल्याची नोंद. कोणत्या ब्लॉकात काय मारायचं ते लिहिलेलं. फी गेली खजिन्यात. कातडं गेलं बंगल्यात. मटणातला चांगला वाटा गेला पाटलाकडे. आमच्या वाट्याला पोटरीतला खड्डा.

आता कुणी म्हणेल, शिकार बंद झाली, लायसनं गेली, हे मढं कशाला उकरतोस? उकरतो. कारण मढं गेलं, पण पावती फाडणारा हात तोच आहे.

आधी इंग्रजाची गोष्ट ऐका. १९०८ साली त्यानं आपल्या घरी, इंग्लंडात, एक कायदा केला. शिकारीचं लायसन, बंदुकीचं लायसन, कुत्र्याचं लायसन, यांच्यावरची ड्युटी वसूल करायचा अधिकार तिथल्या कौंटी कौन्सिलांकडे देता येईल अशी तरतूद केली. म्हणजे तितर मारायच्या लायसनचा पैसा कौन्सिलाकडे. त्याच यादीत आणखी एक बाब होती. पुरुष नोकर ठेवायचं लायसन! घरी गडी ठेवला तर इंग्रज साहेब त्याच्यावर ड्युटी भरायचा. आणि त्याच राज्यात, इकडे साकोलीच्या जंगलात, शे-दोनशे गडी हाक्याला उभे करायचे ते फुकट, नाहीतर पसाभर चुरमुऱ्यावर. एकाच राणीच्या पोराचं राज्य. तिकडे नोकरावर कर, इकडे माणूस वेठीला. हा फरक कातडीचा होता आणि त्यात जातीचा हात होता. वेठीला कुणाला बोलवायचं हे साहेबाला काय माहीत? ते गावाला माहीत होतं.

बरं, इंग्रज गेला. राज्य आपलं आलं. घटनेच्या २३व्या कलमानं वेठ बंद केली. १९५८ साली ग्रामपंचायतीचा कायदा झाला. त्याचं १२४वं कलम काढून वाचा. पंचायतीनं कशाकशावर कर बसवायचा त्याची यादी आहे. घरावर. सायकलीवर. बैलगाडीवर. जत्रेवर. दुकानावर, हॉटेलावर. गुरांच्या बाजारातल्या दलालावर. पंचायतीच्या गायरानात गुरं चारली तर त्याची फी. सगळं आहे. गरिबाच्या दारात जे जे उभं असतं ते सगळं त्या यादीत सापडतं. शिकारीचं लायसन मात्र त्यात नाही. गायरानात माझी शेळी गेली तर पंचायत पावती फाडू शकते, पण शिवेवरच्या जंगलात बंदूक घेऊन आलेल्याच्या लायसनवर चार आणेही बसवायचा अधिकार तिला दिलेला नाही.

लायसन तेव्हा होतं का? होतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यातसुद्धा लायसनचं कलम होतं. खास शिकारीचं, मोठ्या शिकारीचं, लहान शिकारीचं आणि जिवंत जनावर पकडायचं. १९९१च्या दुरुस्तीनं ते गेलं. गेलं ते बरं झालं. मी शिकार परत मागत नाही. मला मचाणही नको, कातडंही नको. मी एवढंच विचारतो, की जंगलाच्या नावानं जो पैसा येतो त्याला हात लावायचा अधिकार गावाला का नाही?

कारण पैसा आजही येतो. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पिटेझरीच्या फाटकावर जिप्सी उभ्या राहतात. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. लायसनच्या जागी तिकीट आलं. साहेब बदलला, वर बसायची सवय तीच. फाटकाचा पैसा जातो व्याघ्र प्रकल्पाकडे. गावाकडे काही परत आलंच तर ते योजना म्हणून येतं. कुणाला द्यायचं, किती द्यायचं, ते देणारा ठरवतो. योजनेपुढे हात पसरावा लागतो. कर हक्कानं वसूल होतो. आमच्या आज्या-पणज्यांनी पुष्कळ हात पसरले. आता पुरे.

आणि जनावर काय तिकीट बघून शेतात येतं? रात्री रानडुकरांचा कळप धानाच्या बांधीत शिरला की सकाळी लोंबी नाही, नुसता चिखल. भरपाईचा अर्ज करा म्हणतात. अर्जाला सातबारा जोडा म्हणतात. सातबारा मालकाचा. धान कसलं बटईवाल्यानं. रात्रभर मांडवावर बसून डबा वाजवला त्यानंच. आज्याचा डबा नातवाच्या हातात आला, बाकी काही बदललं नाही. भरपाई आली तर मालकाच्या खात्यात.

ते डुक्कर मारायचं तर परवानगी वनखात्याची. केरळात २०२२ साली सरकारनं पंचायतीच्या अध्यक्षालाच हा अधिकार दिला. तिथलं आभाळ कोसळलं नाही. म्हणजे गावाच्या कौन्सिलाला जंगलातलं काही कळत नाही ही सबब खोटी आहे.

पण मित्रांनो, इथं मी थांबतो आणि आपल्यालाच विचारतो. गावाला अधिकार द्या म्हणतो, तो कोणत्या गावाला? ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत बाबासाहेबांनी ह्या गावाचे कपडे उतरवले होते. त्यांनी गावाला नाही, माणसाला घटनेचा पाया केलं. ह्याच भंडाऱ्यानं १९५४च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं. खैरलांजी ह्याच जिल्ह्यात आहे. २००६. तेव्हा 'गाव' म्हटलं की डोळे मिटून टाळ्या वाजवणाऱ्यांतला मी नाही. कर पंचायतीत आला आणि पाटलाच्या पोराच्या ठेक्यात गेला, तर आमच्यासाठी फक्त खजिन्याची जागा बदलली.

म्हणून मागणी नीट लिहून घ्या. १२४व्या कलमाच्या यादीत वाढ करा. जंगल बघायच्या तिकिटावर शिवेतल्या पंचायतीला कर बसवू द्या. त्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत, बौद्धवाड्याच्या आणि गोंडटोलीच्या तोंडावर, मोठ्यानं वाचा. आणि त्यातला पहिला वाटा सातबारा नसलेल्याचा. बटईवाल्याचा, मजुराचा, ज्याच्या अंगावर जनावर येतं त्याचा.

ह्यावर वरचे लोक म्हणतील, कायद्यात बसत नाही. आज्याला वेठीला नेलं तेव्हा तरी ते कोणत्या कायद्यात बसत होतं? तेव्हा कुणी पुस्तक उघडलं नव्हतं.

आजा मेला तेव्हा आम्ही त्याला आंघोळ घातली. पोटरीतल्या खड्ड्यात पाणी साचून राहिलं. मी ते बोटानं काढलं. त्या खड्ड्याची फी अजून कुणी भरलेली नाही. बाकी आहे. मी वसुलीला आलोय.