खिडकीचे गज वाकडे दिसू लागले तर

बुटीबोरीला आमच्या घरी नानींनी एकदा फजरनंतर कुरआन शरीफ उघडले आणि म्हणाल्या, "ओळीच्या मधोमध डाग येतो, कडेची अक्षरं तेवढी दिसतात." मोतीबिंदू असेल, रमजान ईद होऊ द्या, मग पाहू, असे आम्हीच ठरवले. त्यात दोन महिने गेले. ते अजून सलते.

मोतीबिंदू नव्हताच. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध बारीक पाहणारा भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. पन्नाशी-साठीनंतर काहींचा तो खराब होऊ लागतो. वय, घराण्यातला आजार आणि बिडी-सिगारेट ही मोठी कारणे. बहुतेकांचा आजार कोरडा असतो, सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाझरतात आणि नजर काही आठवड्यांतही जाऊ शकते. नानींचा ओला निघाला.

मोतीबिंदूचे ऑपरेशन थोडे लांबले तरी बहुधा नजर परत मिळते. इथे गेलेली परत आणणे कठीण, उरलेली वाचवायची. त्यासाठी डोळा बधिर करून डोळ्यातच इंजेक्शन देतात. सुरुवातीला साधारण महिन्याला एक, पुढे ओसीटी तपासणी पाहून अंतर वाढवतात. "डोळ्यात सुई?" म्हणून नानी रडल्या. नंतर म्हणाल्या, मुंगी चावली एवढंच. खर्चाचे विचारायला लाजू नका. महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे काम स्वस्त बेव्हासिझुमॅब करते, हे 2011 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसले आहे. सुरमा, गुलाबजल मात्र पडद्यापर्यंत पोहोचतच नाही.

कोरड्या प्रकारात, आजार मध्यम टप्प्यावर असेल तर, ल्युटीन-झिंकच्या ठरावीक गोळ्यांनी वाढ मंदावते. त्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्याव्यात. बिडी ओढणाऱ्यांनी, पूर्वी ओढलेल्यांनीही, बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या टाळाव्यात, त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आमची चूक वेगळीच होती. नानींना दोन्ही डोळ्यांनी ठीक दिसायचे, कारण चांगला डोळा आजारी डोळ्याची उणीव भरून काढत होता. म्हणून चष्मा लावून एकेक डोळा झाका आणि खिडकीचे गज, दाराची चौकट पाहा. सरळ रेघ वाकडी किंवा मधेच तुटलेली दिसली तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडून वर्धा रोडने नागपूरकडे जाताना मिहानमधले एम्स लागते, शहरात मेडिकल आणि मेयो आहेत, उलट्या बाजूला सेवाग्राम.

नानी आता भिंग धरून मोठ्या अक्षरांचे कुरआन वाचतात. रोज चहाआधी एक डोळा झाकून खिडकीपाशी उभ्या राहतात, आणि शेजारच्या खालाजाननाही उभे करतात.