सिलतऱ्याचा उमेदवार आणि हजेरीपटाचा प्रश्न

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिलतरा लागते. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि त्यांच्या धुराड्यांतून घरांच्या छपरांवर बसणारी काळी भुकटी, हे या औद्योगिक पट्ट्याचे रोजचे रूप आहे. 26 सप्टेंबर 2025 रोजी येथील एका पोलाद कारखान्यात ढाचा कोसळून सहा जण ठार झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्यातील पंचायतींच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. या निवडणुका पक्षचिन्हावर लढवल्या जात नाहीत. उमेदवार कोणत्या वर्गाच्या बाजूचा, हे चिन्हावरून कळत नाही. ते त्याला विचारूनच काढावे लागते.

'गावच्या पोरांना कारखान्यात काम' हे आश्वासन औद्योगिक पट्ट्यातील कोणताही उमेदवार देतो. काम कोणते आणि कोणाच्या हजेरीपटावर, एवढेच तो सांगत नाही. कंपनीच्या हजेरीपटावरील कायम कामगार आणि त्याच भट्टीवर कंत्राटदारामार्फत राबणारा मजूर यांच्यात वेतनाचे, रजेचे, भविष्यनिर्वाह निधीचे आणि अपघातानंतरच्या भरपाईचे अंतर असते. जेथे पंचायतीतील वजनदार मंडळीच मजूर पुरवण्याची आणि मालमोटारींची कंत्राटे घेतात, तेथे या अंतरावरच त्यांचे घर चालते. त्यांच्याकडून कंत्राटी पद्धतीच्या विरोधाची अपेक्षा कोणी करावी?

पंचायतीच्या हाती अधिकार कोठे आहे, असे यावर सांगितले जाईल. ते अगदीच खोटे नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या परिशिष्टात 29 विषय आहेत. लघुउद्योग व ग्रामोद्योग त्यांत आहेत, कामगार कायद्यांची अंमलबजावणी नाही. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू करून केंद्र सरकारने मालकवर्गाचे काम आणखी सोपे केले. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा 20 मजुरांपासून लागू होत असे. आता ती मर्यादा 50 आहे. 49 मजुरांचा कंत्राटदार कायद्याच्या या तरतुदींबाहेर राहतो, आणि एका कंत्राटाचे तीन तुकडे पाडण्यास मालकाला कितीसा वेळ लागणार! कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट 100 ऐवजी 300 कामगारांवर नेली आहे.

परंतु अधिकार नसणे म्हणजे भूमिका नसणे नव्हे. ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी 1920 साली राजनांदगावच्या गिरणी कामगारांचा संप लढवला आणि पुढे ते रायपूर नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. ते कम्युनिस्ट नव्हते. तरीही कामगारांचा पुढारी नगरपालिकेच्या खुर्चीवर बसू शकतो, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. भिलाईच्या कंत्राटी कामगारांनी कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन आणि संघटनेचा हक्क मागितला तेव्हा 28 सप्टेंबर 1991 रोजी शंकर गुहा नियोगी यांची झोपेत हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी रेल्वे रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधराहून अधिक कामगार मेले. मागण्या त्याच आजही सिलतऱ्याच्या फाटकाबाहेर उभ्या आहेत.

'स्थानिकांना आधी' या घोषणेत एक सापळाही आहे. भूमीवर हक्क गमावलेल्या गावकऱ्याला काम मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण बिहार-ओडिशाहून आलेला मजूर गावच्या मतदारयादीत नसतो, म्हणून त्याच्यासाठी उमेदवाराला शब्द खर्च करावा लागत नाही. उलट त्याच्यावर राग वळवला की मालक सुटतो. मुंबईच्या कामगारांनी हे राजकारण चांगले अनुभवले आहे. 1966 नंतर 'भूमिपुत्रां'च्या नावाने परळ-लालबागमध्ये लाल बावट्यावर हल्ले झाले, 5 जून 1970 रोजी आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा खून झाला. गिरण्यांच्या जागा मात्र शेवटी मराठी कामगाराच्या हाती राहिल्या नाहीत.

सिलतऱ्यात व उरल्यात मते मागणाऱ्याला म्हणून नेमके विचारावे : आपण वा आपले नातलग मजुरांचे कंत्राट घेता काय? गावसभेत प्रत्येक कंत्राटदाराचे नाव, मजुरांची संख्या आणि विमा नोंदणी वाचून दाखवण्याचा ठराव मांडाल काय? बाहेरून आलेल्या मजुराच्या मृत्यूनंतरही कारखान्याच्या फाटकावर उभे राहाल काय? पक्षाच्या सभासदांनी उत्तरे लिहून घ्यावीत आणि भट्टीची पाळी सुटताना कामगारांना वाचून दाखवावीत.