कॉस्टिक सोड्यावर लिंबाचा उतारा?

शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग आपण बहुतेकांनी केला असेल. चंचुपात्रात अ‍ॅसेटिक आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब आणि ब्युरेटमधून हळूहळू सोडलेला कॉस्टिक सोडा. फिकट गुलाबी रंग टिकला की उदासिनीकरण झाले. (त्या क्षणी पीएच ७ नसून ८ च्या वर असतो, हे मात्र बहुतेकजण विसरतात.) सौम्य आम्ल व तीव्र अल्क यांचा हा हिशेब मनात इतका पक्का बसतो की पुढे नको तेथे आठवतो.

काही वर्षांपूर्वी देपालपूरला तीन वर्षांच्या एका मुलाला माझ्याकडे आणले. घरी साबणासाठी कालवलेला सोडा शीतपेयाच्या बाटलीत ठेवला होता. मुलाने घोट घेतला. विज्ञान पदवीधर काकांच्या सांगण्यावरून आजींनी लिंबाचे सरबत पाजले. मुलाला उलटी झाली आणि भाजलेली अन्ननलिका त्याच द्रवाने पुन्हा भाजली. आजींना मी दोष देत नाही. आम्ही डॉक्टरांनी त्यांना कधी सांगितले होते?

‘सौम्य’ हा शब्दच फसवा आहे. तीव्र आम्ल व तीव्र अल्क यांच्या संयोगात दर मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता निघते. अ‍ॅसेटिक आम्ल घेतले तरी ती जेमतेम एक-दोनने कमी. शिवाय अल्क पेशींतील मेदाचा साबण करीत, प्रथिने विरघळवीत खोल शिरते. लिंबू चिरेपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते.

म्हणून आम्ल देऊ नये, उलटी करवू नये. तोंड पाण्याने धुवावे, भिजलेले कपडे काढावेत आणि बाटली बरोबर घेऊन थेट इंदूर गाठावे. तोंडात व्रण नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. एन्डोस्कोपीची गरज असल्यास ती साधारणतः पहिल्या २४ तासांत व्हावी लागते. पानाचा चुना डोळ्यात गेल्यासही भरपूर पाणी, लिंबू नव्हे.

कोणी म्हणेल, अन्ननलिकेत अडकलेली बटण-बॅटरी काढल्यावर शल्यचिकित्सक ०.२५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लाने ती जागा धुतातच की! धुतात, पण निर्जंतुक, मोजलेल्या द्रावणाने, डोळ्यांसमोर, आणि मूल भुलीखाली असताना.

त्या मुलाची अन्ननलिका काही आठवड्यांत आकुंचित झाली. ती रुंद करण्यासाठी त्याला वर्षभर इंदूरच्या खेपा घालाव्या लागल्या. आपल्या मंडळाने पुढील आरोग्य शिबिरात रक्तदाबाच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावे आणि येणाऱ्या प्रत्येक आजीला एवढेच विचारावे: घरात सोडा कोणत्या बाटलीत ठेवता?