गाडीतले स्मार्ट मीटर : लोको पायलट व मोटरमन यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. रेल्वे प्रशासन (विद्युत व परिचालन विभाग)

विषय : गाड्यांमधील वीजमापन आणि त्या आकड्यांचा वापर

महोदय,

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरचीही डीसी संपली आणि मुंबईची सगळी लोकल २५ हजार व्होल्ट एसीवर आली. थ्री-फेज गाडी आता ब्रेक लावताना मोटरचेच जनित्र करून वीज तारेत परत सोडते (रीजनरेशन). वीज मोजण्याची रीत मात्र बऱ्याच इंजिनांवर जुनीच आहे. इंजिनाचा चार्ज घेताना आणि देताना मीटर वाचून वहीत आकडे लिहायचे. त्यातून एकूण खर्च कळतो, वीज नेमकी कुठे गेली ते कळत नाही. म्हणून स्मार्ट मीटरला आमचा विरोध नाही. उलट ते लवकर बसावेत. मागण्या अशा :

१. घेतलेली आणि परत दिलेली युनिट वेगवेगळी, वेळ व ठिकाणासह नोंदली जावीत आणि आपोआप पाठवली जावीत. युरोपात ईएन ५०४६३ या मानकाने हे केव्हाच घालून दिले आहे.

२. मीटरची नोंद सिग्नल आणि कॉशन ऑर्डरच्या (वेग कमी ठेवण्याच्या आदेशाच्या) नोंदीशी जोडावी. आमच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. भरलेली बारा डब्यांची लोकल सहाशे टनांची धरली, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला तिच्यात सुमारे ४१ युनिट ऊर्जा असते. अवेळी लाल सिग्नल मिळाला की ब्रेक लावावा लागतो. रीजनरेशनने त्यातला काही भाग परत येतो, सगळा येत नाही. आणि पुन्हा वेग घ्यायला तेवढी वीज नव्याने ओढावी लागते. हा खर्च मोटरमनच्या नावावर का पडावा? तो वाहतूक नियंत्रणाच्या खात्यात दिसला, तर कोणत्या सिग्नलपाशी रोज वीज वाया जाते हे आठवडाभरात समजेल. शिवाय वेळापत्रकात थोडी मोकळीक नसेल, तर वीज वाचवण्यासाठी पॉवर बंद करून गाडी आपल्या वेगावर सोडायचा सल्ला कागदावरच राहतो.

३. तुलना एकाच सेक्शनची, एकाच भाराची आणि एकाच जातीच्या इंजिनाची व्हावी. कर्जत–लोणावळा घाटात ३७ मीटरमागे एक मीटर चढ आहे, तिथे मागून ढकलायला जादा इंजिने (बँकर) लावावी लागतात. त्या घाटाचे आकडे सपाट मार्गाशेजारी मांडून कोण चांगला चालवतो हे ठरवता येणार नाही.

४. उभ्या गाड्यांची वीज वेगळी मोजावी. यार्डात थांबलेल्या इंजिनाचे ब्लोअर, कारशेडमधल्या एसी लोकलचे एसी, दिवे, पंखे. इथली बचत करायला कोणाच्याही चालवण्यात बदल करावा लागत नाही.

५. परत दिलेली वीज आधी त्याच फीडिंग सेक्शनमधली दुसरी गाडी वापरते. तिथे गाडी नसेल तर ती सबस्टेशनमार्गे ग्रिडकडे जाते. म्हणून सबस्टेशनच्या मीटरने दोन्ही दिशांची वीज नोंदवावी आणि १५ मिनिटांच्या टप्प्याने गाड्यांच्या आकड्यांशी ताळमेळ घालावा. फरकातून तारेतली गळती आणि बिघडलेले मीटर दोन्ही सापडतील. ग्रिडला गेलेल्या युनिटचे मोल बिलात मिळेल अशी तरतूद वीजकरारात असावी.

६. रीजनरेशनचे उद्दिष्ट सुरक्षिततेपेक्षा मोठे नाही. पावसात रूळ निसरडे असताना कोणता ब्रेक किती लावायचा हे केबिनमधला माणूस ठरवेल, आणि त्यासाठी त्याला नंतर जाब विचारला जाणार नाही, असा लेखी आदेश काढावा.

७. प्रत्येकाला आपल्या फेरीचे आकडे लॉबीत पाहायला मिळावेत. प्रशिक्षणासाठी ते खुशाल वापरा.

दुसरी आणि सहावी मागणी मान्य होईपर्यंत मीटरचा एकही आकडा कोणाच्या सेवापुस्तकात किंवा आरोपपत्रात येता कामा नये. मीटर बसवण्याचा कार्यक्रम आखण्यापूर्वी प्रशासनाने आमच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवावे, ही विनंती.