संगणककलेची मोडी : इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ‘प्रोसेसिंग’ का शिकावे? (दीर्घ थ्रेड)

पेशवे दफ्तरावर लिहायचे तर मोडी यावी लागते, याबद्दल आपल्यात दुमत नाही. केवळ छापील वेच्यांवर विसंबून निष्कर्ष काढणाऱ्याकडे आपण साशंकतेनेच पाहतो. मग संगणकावर घडलेल्या कलेविषयी लिहिताना हा दंडक आपण का विसरतो? भिंतीवरचे चित्र हे साधन आहेच. पण ज्या प्रोग्रॅममधून ते उमटले, तोही तितकाच अस्सल कागद आहे.

म्हणून माझे मत असे, की कलेच्या इतिहासात रस असणाऱ्याने ‘प्रोसेसिंग’ ही नवशिक्यांसाठी घडवलेली भाषा, किंवा ब्राउझरमध्ये चालणारा तिचा जावास्क्रिप्ट अवतार ‘पी५.जेएस’, शिकून घ्यावा. नोकरीचा हेतू येथे नाही. वाचता यावे, एवढाच आहे.

एक उदाहरण थोडे विस्ताराने पाहू.

गेओर्ग नेस हे जर्मनीत एर्लांगेन येथे सीमेन्स कंपनीत काम करणारे गणितज्ञ. फेब्रुवारी १९६५ मध्ये श्टुटगार्ट येथे तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांच्या पुढाकाराने नेस यांच्या संगणकचित्रांचे प्रदर्शन भरले. उपस्थित चित्रकार बिथरले. त्यांचा रोष शमवण्यासाठी बेन्झे यांनी या निर्मितीला ‘कृत्रिम कला’ असे नाव दिले. (आजचा एआय-चित्रांवरचा वाद ज्यांना अभूतपूर्व वाटतो, त्यांनी हे साल लक्षात ठेवावे.)

याच नेस यांचे १९६८ मधील ‘शोट्टर’ हे चित्र प्रसिद्ध आहे. शोट्टर म्हणजे खडी. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरच्या ओळी शिस्तीत उभ्या. खाली उतरावे तसे चौकोन कलतात, सरकतात, आणि तळाशी रचना पार विस्कटते.

या चित्राबद्दल ‘यंत्राची लहर’ अशा थाटाचे वर्णन वाचायला मिळते. आता तेच चित्र प्रोसेसिंगमध्ये मांडून पाहा. एकात एक अशी दोन आवर्तने: बाहेरचे ओळींचे, आतले चौकोनांचे. ‘रँडम’ या आज्ञेने एक यादृच्छिक आकडा मिळवायचा, ‘ट्रान्सलेट’ने चौकोन सरकवायचा, ‘रोटेट’ने फिरवायचा. पंधरा-वीस ओळींत काम होते.

पण नुसते एवढे केले, तर चित्र वरपासून खालपर्यंत सारखेच विस्कटलेले येते. ‘शोट्टर’ हवे असेल, तर त्या यादृच्छिक आकड्याला ओळीच्या क्रमांकाने गुणावे लागते. हा गुणाकार माणसाचा निर्णय आहे. कोणता चौकोन किती कलेल हे यंत्र ठरवते; अव्यवस्थेला कोठे किती मोकळीक द्यायची, हे नेस ठरवतात. क्रमांकाऐवजी त्याचा वर्ग घ्या आणि शेवटच्या ओळीची मर्यादा पूर्वीइतकीच ठेवा: आता वरची शिस्त बराच काळ टिकते आणि पडझड उशिरा, पण झपाट्याने होते. ‘कर्ता कोण?’ या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर चित्राकडे कितीही टक लावून मिळाले नसते.

अर्थात, आपण लिहिलेला प्रोग्रॅम ही नक्कल आहे, अस्सल नव्हे. नेस यांचे चित्र प्लॉटरच्या कलमाने कागदावर रेघ-रेघ करून उतरले. आपल्या पडद्यावर ते क्षणात उमटते. हा फरक टिपणात नोंदवायलाच हवा.

हीच भाषा का? तिची वंशावळ पाहा. १९६७ साली सिमोर पॅपर्ट, वॉलेस फॉइरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ घडवली; पुढे तिच्यातले कासव आज्ञेनुसार रेघा ओढू लागले. १९९९ मध्ये एमआयटी मीडिया लॅबच्या जॉन माएदा यांनी ‘डिझाइन बाय नंबर्स’ आणली: १०० बाय १०० बिंदूंचा चिमुकला फलक आणि केवळ करड्या छटा. त्यांचेच विद्यार्थी केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये प्रोसेसिंगचा आरंभ केला. या भाषेत प्रोग्रॅमला ‘स्केच’ म्हणतात, आणि त्या एका शब्दातच तिचे धोरण आले. लॉरेन मॅकार्थी यांचे पी५.जेएस २०१३ चे. ‘ही काय खरी भाषा?’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांना एवढेच सांगावे, की हा सोपेपणा अनेकांनी तीन-चार दशके जाणीवपूर्वक कमावलेला आहे.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो: कला डोळ्यांनी पाहायची असते, कोडने नव्हे. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये रमलेल्या व्हेरा मोल्नार यांना संगणक हाताळायला मिळाला १९६८ मध्ये. पण १९५९ पासूनच त्या स्वतः आखलेल्या नियमांनुसार हाताने चित्रे रचत होत्या आणि या पद्धतीला ‘काल्पनिक यंत्र’ म्हणत होत्या. म्हणजे नियम आधी, यंत्र नंतर. माझ्या दृष्टीने याने आक्षेप दुबळा होतो. नियम वाचायची सवय जडली, की तो संगणकाबाहेरही दिसू लागतो. १९७४ मध्ये गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी तमिळ अंगणातील कोलमचा संगणकशास्त्रातील ‘अ‍ॅरे व्याकरणा’च्या अंगाने अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीकडे असे पाहायला कोणाची हरकत असावी?

सुरुवात करायची तर व्हिडिओंच्या मालिकेत अडकू नका. पी५.जेएसचा संपादक ब्राउझरमध्ये फुकट उघडतो. आधी एक चौकोन, मग १२, मग २२ ओळी, मग तो गुणाकार. ‘नोलूप’ ही आज्ञा द्या, नाहीतर चित्र सेकंदाला अनेकदा नव्याने काढले जाऊन थरथरत राहील. आणि ‘रँडमसीड’मध्ये एक आकडा ठरवून द्या, तो आकडा तोच राहिला, तर तेच चित्र पुन्हा मिळते. दफ्तरखान्यात रुमाल क्रमांक टिपतो, तसा हा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा.