खेडा खरेदी कायद्याला का दिसत नाही?

बाजार समिती हा पिंजरा आहे, तो मोडला की शेतकरी मोकळा, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. २०२० चे केंद्रीय कृषी कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले, तेव्हा ‘संधी हुकली’ म्हणून ते हळहळले. त्यांतल्या एका कायद्याने समितीच्या आवाराबाहेर पॅन कार्ड असलेल्या कोणालाही खरेदीची मुभा दिली होती. अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीत दारात काटा टांगून कापूस घेणाऱ्याला आजवर पॅन कार्ड तरी कोणी विचारले होते?

दोन एकरवाल्याचा कापूस समितीपर्यंत पोचतोच कुठे! पहिल्या वेचणीचे तीन-चार क्विंटल निघतात. घरात ठेवायला जागा नाही, वेचणीची मजुरी रोख द्यायची, आणि तेवढ्या मालासाठी टेम्पोचे भाडे परवडत नाही. मग दारात येणारा खेडा खरेदीवाला सांगेल तो भाव आणि वजनातून कापेल ती कट्टी. मोसंबीचेही तेच. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाल्याचे नियमन आवारापुरते आणले आणि अडत खरेदीदारावर टाकली. अडतीचा निर्णय योग्यच होता. पण झाडावरच उक्ती दिलेल्या बागेला आवार आधीही नव्हते, मग ती मोकळी झाली कशातून?

पण ‘सरकारच तारील’ हा उलटा पक्षही मला मान्य नाही. १९७२ पासून तीसेक वर्षे राज्याची कापूस एकाधिकार खरेदी चालली. तिथे हमी होती, पण चुकाऱ्याची वाट पाहण्याची ऐपतही लागे. आता भारतीय कापूस महामंडळाचे (सीसीआय) खरेदी केंद्र आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, पण त्याआधी कपास किसान ॲपवर नोंदणी, सातबारा, पीकपेरा आणि बारा टक्क्यांच्या आत ओलावा. बटईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर सहसा नसते. घाम त्याचा, हमीभावाचा हक्क मात्र मालकाच्या कागदाला.

माझे म्हणणे असे की, सुधारणा विक्री होते तिथे गेली पाहिजे. राज्याच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यात बाजारक्षेत्र म्हणजे आवाराची भिंत नव्हे. गावेही त्यात येतात. तेव्हा कापसाची खेडा खरेदी बंद न करता नोंदवा. तपासलेला इलेक्ट्रॉनिक काटा आणि वजन, भाव, कट्टी लिहिलेली पावती सक्तीची करा. सीसीआयच्या केंद्रावर बटईदाराचा माल मालकाच्या लेखी संमतीने बटईदाराच्याच नावावर घ्या आणि पैसेही त्याच्याच खात्यात टाका.

यावर ठरलेला आक्षेप येतो: व्यापारी गावात फिरकणार नाही. का नाही? जिनिंगला कापूस लागतो आणि तो गावातच आहे. पावतीचा खर्च व्यापारी भावातून काढील, हे खरे. पण पावतीवर पाडलेला भाव शेजाऱ्याच्या पावतीशी ताडून तरी पाहता येतो. आज एकाच गल्लीत दोन घरांना दोन भाव मिळतात आणि दोघांच्याही हातात कागद नसतो.